शेवटच्या नंबरचे गार्डसाहेब

गार्डसाहेब कुठंही सगळ्यात शेवटी पोचायचे, आणि तरी सगळ्यांच्या आधी सगळं त्यांना ठाऊक असायचं. लग्नात शेवटच्या पंगतीला बसणार. मतदानाला शाई वाळायच्या वेळेला जाणार. रेशनच्या रांगेत मागं कुणी येऊन उभं राहिलं की "या, तुमी पुढं या," म्हणून आपली जागा त्याला देणार आणि स्वतः पुन्हा शेपटाला. लोणावळ्यात एकदा टँकर आला तेव्हा या सवयीपायी ते हंडा घेऊन सलग तीन दिवस उभे होते असं सांगतात. पाणी थेंबभर मिळालं नाही, पण गल्लीत कुणाकडं किती पाहुणे आहेत, कुणाचं कुणाशी बिनसलंय आणि टँकरवाला कुणाचा मेहुणा लागतो, एवढं सगळं घेऊन ते घरी गेले. काकूंनी विचारलं, "पाणी?" तर म्हणाले, "माहिती आणलीय."

माणसानं आयुष्याची चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली, त्याचं दुसरं काय होणार! ब्रेकव्हॅन म्हणजे गाडीच्या शेपटाला लावलेली पत्र्याची खोली. तिच्यात एक बाक, एक कंदील आणि एक गार्ड. कर्जतहून घाट चढताना पुढं अठ्ठावन्न वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्यांच्याही पुढं कुठंतरी ढगात इंजिन, आणि मागं आमचे साहेब, वह्या भरत. मधे रेल्वेनं गार्डांचं नाव बदलून मॅनेजर केलं. साहेबांना ते अजिबात पटलं नाही. "मॅनेजर पुढं बसतो," ते म्हणायचे, "आनि म्हणून त्याला काय बी दिसत न्हाई."

माझी त्यांची गाठ पडली ती वडगावच्या तहसील कचेरीत. सातबाऱ्यावर आमच्या आडनावातला एक काना उडाला होता, तो परत मिळवायला मी गेलो होतो. काना जाताना एका सेकंदात जातो, येताना त्याला अकरा खेपा लागतात. मी सकाळी साडेआठलाच रांगेत पहिला नंबर लावला आणि भिंतीला टेकून मोबाईलवर पोकर खेळायला लागलो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, मधे पाच पानं सगळ्यांची मिळून, ती एकेक टप्प्यानं उघडत जातात. आपल्याकडं भारी आहे असं वाटलं तर बोली वाढवायची, हलकं वाटलं तर पान टाकायचं, आणि छातीत दम असेल तर हलक्यावरच हूल द्यायची. मी तेव्हा फक्त छाती वापरत असे. खेळायचो ते दोन-पाच रुपयांचं सगळ्यात खालचं टेबल, पण आव असा, की जणू मागं सरदारांची फौज उभी आहे.

"राजा-अठ्ठी घेऊन पहिल्या जागेवरनं बोली वाढवलीस व्हय?"

मागून आवाज आला. वळून बघितलं तर पांढरा शर्ट, दोन पेनं, पायात रबरी चपला, आणि रांगेतला त्या घडीचा शेवटचा माणूस. रांग म्हणजे आम्ही दोघंच होतो.

"काका, तुम्हाला पोकर येतं?"

"तुला येत न्हाई एवढं मातर दिसतंय. तुझ्यानंतर अजून पाच जण बोलणार हायत. त्यांच्याकडं काय हाय ठावं न्हाई, तरी आधीच आरोळी ठोकलीस. पोरा, पहिला बोलतो त्यो आंधळा असतो. ह्या खेळात शेवटी बोलायची जागा मिळाली, तर राजा."

तेवढ्यात शिपायानं "नेक्स्ट" अशी हाक मारली. मी पहिला आत गेलो आणि दीड मिनिटात बाहेर आलो, कारण माझ्याकडं आधार कार्डाची झेरॉक्स नव्हती. साहेब बाहेर बसून राहिले, आठ जणांना पुढं सोडलं, आठांपैकी प्रत्येकाला कोणता कागद कमी पडला ते ऐकलं, ते सगळे कागद शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतले आणि दहाव्या नंबरला आत जाऊन चार मिनिटांत काम उरकून बाहेर. मी तिथंच त्यांच्या पायाशी लोटांगण घालणार होतो, पण कचेरीच्या फरशीवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या.

"साहेब, मला शिकवा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुटं ऱ्हातोस?"

"बेगडेवाडी. कामाला नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत, गाड्यांचे पार्ट तपासतो. गुरुवारी सुट्टी."

"फुकट शिकवीन. पैसा घेतला की शिष्य गिऱ्हाईक हुतो. पन एकच अट. खेळलेला हरेक हात, म्हंजे हरेक डाव, माझ्याम्होरं यायला पायजे. हरलेला आधी. एक जरी लपवलास, तर त्या दिवशी शिकवणी बंद. आधी दोघं सोडलेत. एक खंडाळ्याचा हाटेलवाला हुता."

मी ताबडतोब आईची शपथ घेतली. आणि हे थट्टेनं सांगत नाही: मला ती शिकवणी हवीच होती. माझं वय तेव्हा छत्तीस. शाळेत मास्तरांनी प्रगतिपुस्तकावर "बरा" लिहिलं, आयटीआयत "बरा", लग्नाच्या वेळी सासरच्यांनी चौकशी केली तर गावानं सांगितलं "मुलगा बरा आहे." कंपनीतला सुपरवायझरसुद्धा माझ्याबद्दल विचारलं की हात हलवून "बराय" म्हणतो. कुठल्यातरी एका गोष्टीत मला एकदा तरी चांगला व्हायचं होतं. मग ती गोष्ट बावन्न पत्त्यांची का असेना.

पहिलाच धडा फोनवर झाला, आणि तो मावळाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. मी घरी ओट्यावर बसून खेळत होतो, कानातल्या इअरफोनमध्ये साहेब. समोरच्यानं बोली दुप्पट केली. मी विचारलं, "साहेब, काय करू?"

"आधी त्याची रेंज बघ."

आता बेगडेवाडीत राहणाऱ्या माणसाला "रेंज बघ" म्हटल्यावर तो काय करील? मी उठलो. अंगणात गेलो. दोन कांड्या. गोठ्याच्या पत्र्यावर चढलो. दोनच. मग शेजारच्या पाण्याच्या टाकीची शिडी धरली आणि धापा टाकत वर पोचलो. "साहेब," मी ओरडलो, "टाकीवर आलोय! चार कांड्या आल्यात! पण त्याची रेंज हितनं कशी कळणार? तो आसामचा दिसतोय!"

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, चार कांड्यांच्या जागीसुद्धा रेंज गेली. मग कळलं, साहेब हसत होते. एवढ्यात माझी वेळ संपली आणि ॲपनं आपोआप माझं पान टाकलं.

"टाकीवर चढून का हुईना," साहेब शेवटी म्हणाले, "पान टाकलंस त्ये बराबर केलंस. आता खाली ये. सावकाश ये. शिष्य एकच हाय."

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला लोणावळा स्टेशनच्या बाकावर बसवलं आणि रेंज म्हणजे काय ते दाखवलं. एक बाई जिन्यावरून उतरत होती. "ही कोण?" मी म्हटलं, "काय माहीत! पुण्याची, मुंबईची, इथलीच, कोणीही असेल." "बराबर. आता बघ, पिशवी जड हाय का?" हलकी होती. "मग लांबची न्हाई. घड्याळ बघती का?" बघत नव्हती. "गाडी धरायची न्हाई. मग?" बाई फलाटाच्या टोकाकडं निघाली. "कुणाला तरी न्यायला आलीय!" मी ओरडलो. "व्हय. सुरवातीला शंभर शक्यता. माणूस जे जे करतो त्यानं एकेक खोडत जायची. उरतील त्या चार-दोन म्हणजे रेंज. समोरच्याच्या हातात कुठलं एक पान हाय, हे देव सांगल. आपन फक्त खोडायचं."

तीन महिने मी त्या बाकावर माणसं खोडली. शेवटी शेवटी माझी नजर इतकी तयार झाली, की पर्यटक डब्यातून पाय खाली ठेवायच्या आत मी सांगत असे, हा चिक्की शेंगदाण्याची घेणार, घासाघीस करणार, आणि शेवटी बायको काजूची घ्यायला लावणार. एका गुरुवारी सलग सतरा बरोबर आले. अठरावा माणूस निघाला चिक्कीवालाच.

साहेबांच्या तपासणीची तऱ्हा अशी, की खेळलेले सगळे हात ॲपमधून उतरवून घ्यायचे, आणि वाचायला सुरुवात शेवटच्या हातापासून. उलटं. "गाडी स्टेशनातनं गेली की मी आधी शेवटच्या डब्यावरची पाटी बघायचो. पाटी हाय म्हंजे गाडी पुरी हाय. न्हाईतर डबे मधेच तुटून कुटंतरी ऱ्हायलेत. खेळ बी तसाच. शेवटाला का उठलास, राग आला म्हणून, का जेवायला हाक आली म्हणून? तितनं मागं जायचं. पुढनं वाचलं की माणूस आपल्या गोष्टीच्या प्रेमात पडतो." उलट वाचण्याचा एक फायदा असा झाला, की मला हात पाठ होऊ लागले. कंपनीतून घरी येताना मी दिवसभराचे तीनशे हात उलट म्हणत असे. एकदा शेजारी बसलेल्या म्हातारीनं मला नमस्कार केला. तिला वाटलं स्तोत्र आहे.

आणि साहेबांची ती जाड वही! नोकरीतल्या सवयीनं साहेब स्वतः खेळलेल्या प्रत्येक हातापुढं तारीख आणि प्रत्येक बोलीला घेतलेले सेकंद लिहीत, आणि हरलेल्याच्या शेजारी कारण; मलाही तशीच वही घालायला लावली. मी एकदा कारणाच्या जागी "नशीब" असं लिहून नेलं. त्यांनी खोडरबर काढला, तो शब्द पुसला, वर फुंकर मारली आणि वही परत दिली.

"रेल्वेत गाडी लेट झाली की कारण द्यावं लागतं. सिग्नल बिघडला, म्हैस आडवी आली, कुणी साखळी वढली. चौतीस वर्षांत एकदा बी 'नशीब' लिहिलेलं म्या वाचलं न्हाई. तुझी म्हैस शोध."

घरी सुनंदाला, माझ्या बायकोला, हा अभ्यास बघून आधी काळजी वाटली, मग संताप आला, आणि मग तिची करमणूक होऊ लागली. मी ओट्यावर पत्त्यांचे तक्ते पसरून बसलो की ती भांडी घासताना म्हणायची, "एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज कलेक्टर असता."

"मग तू कलेक्टरीण झाली असतीस."

"कलेक्टरानं मला कशाला केली असती?" मी शक्यता खोडायला घेतल्या. रेंज फारच रुंद होती.

पण मी सुधारत होतो! अहो, सुधारत होतो म्हणजे काय, अंगावर काटा यायचा. आधी टेबलावर मला पाच परके दिसायचे, आता पाच स्वभाव दिसायला लागले. एक जण उतावळा, एक भित्रा, एक नुसता बडबड्या. "कर्जतची आत्या" असं नाव घेतलेली एक बाई, निदान नावावरून तरी बाई, कधीच बोली वाढवायची नाही, गप्प मागं मागं यायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातात राणीची जोडी आली. मी वाढवत गेलो, आत्या येत गेली. आणि शेवटचं पान उघडल्यावर त्या आत्यानं, जिनं सहा महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं, एकदम सगळं पुढं सारलं. आधीचा मी, जुना दत्ता, असतो तर डोळे मिटून उडी मारली असती. नव्या दत्तानं बाकावरच्या त्या शंभर शक्यता एकेक करून खोडल्या. गप्प माणूस ओरडतो तेव्हा त्याच्याकडं असतंच. मी राण्या टाकल्या. आत्यानं पानं उघडून दाखवली: मधली तीन धरून पाचही बदाम!

मी कँटीनमध्ये बाकावर चढून नाचलो. डाळीचं पातेलं कलंडलं. अख्खी शिफ्ट गोळा झाली. "काय झालं रे? लागली का लॉटरी?"

"टाकल्या! दोन राण्या होत्या, दोन्ही टाकल्या!"

"वहिनींना सांगू का?" असं एक जण म्हणाला, आणि पुढं महिनाभर कंपनीत माझं नाव राजेसाहेब पडलं. हरलेल्या हातावर नाचणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. संध्याकाळी साहेबांना फोन केला. ते सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "हा हात चांगला खेळलास, दत्तोबा." बरा नाही. चांगला! मी फोन ठेवला आणि त्या एका शब्दावर दोन दिवस जेवलो नाही. खरं म्हणजे जेवलो, पण चव कळली नाही.

इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण मे महिन्यात माझ्या मेहुण्याची हळद आली.

कामशेतला मांडवात मला जावई म्हणून धरून बसवला आणि चारी बाजूंनी हळद फासली. मी तोंड धुवायच्या निमित्तानं गोठ्यामागं गेलो, म्हटलं पाच मिनिटं. पहिल्याच हातात तीन एक्के जमले. समोर "घाटातला वाघ" नावाचा एक इसम. तीन एक्क्यांपुढं तो चुकीचं खेळत होता, हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, गोठ्यातल्या गाईलासुद्धा माहीत होतं. आणि शेवटच्या पानावर त्याचा पाच पानांचा सिक्वेन्स लागला; पोकरात तो तीन एक्क्यांवर भारी. वर त्यानं हसरा चेहरा पाठवला.

मालगाडी चालता चालता एखाद्या चाकाचा कणा तापतो, धूर निघतो, त्याला रेल्वेत "हॉट ॲक्सल" म्हणतात. तो डबा तिथंच सोडून द्यायचा असतो, ओढत नेला तर गाडी रुळावरून जाते. साहेबांनी हे मला शंभरदा सांगितलं होतं. माझा ॲक्सल त्या दिवशी असा तापला, की अंगावरची हळद भाजल्याचा वास यायला लागला. मी वाघाच्या मागं लागलो. पानं बघेना, जागा बघेना. स्क्रीनवर पिवळी बोटं उमटून बदाम आणि चौकट सारखेच दिसायला लागले. एकोणीस हात मी तसा खेळलो आणि पुढ्यातला निम्म्याहून जास्त ढीग उडवला. मग सासूबाई "जावई कुठं गेले?" म्हणत आल्या आणि तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. भान आलं. आणि पुढचा, विसावा हात मी इतका देखणा खेळलो, इतका देखणा, की साहेबांना दाखवायचा म्हणून मन अधीर झालं.

पण विसावा दाखवायचा तर आधीचे एकोणीस दिसणार. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी ते एकोणीस पुसून टाकले. कायमचे.

गुरुवारी साहेबांनी नेहमीप्रमाणं उलटी सुरुवात केली. विसावा हात बघून मान डोलावली. मी गालातल्या गालात फुललो. मग त्यांनी आधीचा हात बघितला. पुन्हा पुढचा. चष्मा काढला, पुसला, घातला.

"ह्या हाताच्या शेवटाला तुझ्याम्होरं चारशे ऐंशी. बारा वाजून चाळीस मिनिटं. फुडल्या हाताला एकशे नव्वद, आनि वाजलेत एक. मधली वीस मिनिटं आनि बाकीचा माल कुटं उतरला, दत्तात्रय?"

दत्तोबाचा दत्तात्रय झाला तेव्हाच मी काय ते समजलो. मी "नेटवर्क..." असं काहीतरी पुटपुटलो.

"अठरा-वीस हात हायत मधे," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. वही मिटली, पायात चपला घातल्या आणि मला स्टेशनवर सोडायला निघाले. पुढची लोकल दोन तासांनी होती. दोन्ही तास ते माझ्याशेजारी बाकावर बसून एकटेच माणसं खोडत राहिले. गाडी सुटताना एवढंच म्हणाले, "फुडल्या गुरुवारी येऊ नगंस."

मी तरी जातच राहिलो. साहेब दार उघडेनात. आमच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ पाच किलो नेला. काकूंनी दाराच्या फटीतून पिशवी आत घेतली आणि म्हणाल्या, "तांदूळ ठेवून घेते बाई, वास छान येतोय. तुम्ही मात्र जा. ते आत उलटं तोंड करून बसलेत." दोन गुरुवार, चार गुरुवार, दहा गुरुवार. टेबलावर खेळायला बसावं तर जीव लागेना. जिंकलो तर सांगायला कोणी नाही, हरलो तर विचारायला कोणी नाही.

आणि मग पावसाळा सरता सरता बातमी आली: दिल्लीत कायदा झाला, पैशाचे ऑनलाइन खेळ सगळे बंद. दोन दिवसांत टेबलं मिटली. वाघ गेला, आत्या गेली. सुनंदा म्हणाली, "चला, सुटलो." मी मोबाईलकडं बघत बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की खेळ गेल्याचं मला फारसं काही वाटतच नाहीये. मला अजून साहेबांकडं जायचं होतं. आता शिकून उपयोग शून्य, तरी त्यांनी मला परत दत्तोबा म्हणायला हवं होतं.

कंपनीत नापास झालेल्या पार्टाला आम्ही लाल कागदी पट्टी बांधतो. त्यावर पार्टाचा नंबर, दोष आणि तपासणाऱ्याची सही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी एक कोरी पट्टी घेतली आणि एकोणिसावा हात आठवायला लागलो. आठवला! मग अठरावा. मग सतरावा. दीड वर्षं उलट पाठांतर केल्यानं सगळे हात मेंदूच्या तळाशी ओळीनं बसलेले होते, हळदीसकट. पाच दिवसांत एकोणीस लाल पट्ट्या भरल्या. सुतळीत ओवल्या आणि विसर्जनानंतरच्या गुरुवारी लोणावळ्याला गेलो.

दार सताड उघडं. घरभर खोकी. काकू आतल्या खोलीत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. "भुसावळला चाललो लेकीकडं, रविवारी," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना हा पाऊस सोसवत नाही." साहेब खोक्यांच्या मधे खुर्चीवर. मी सुतळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी शेवटच्या पट्टीपासून वाचायला घेतलं. एकोणीस. अठरा. बारा. मी खोक्यावर बसलो होतो आणि खाली कपबशा कुरकुरत होत्या. सहाव्या पट्टीवर बोट थांबलं.

"हितं खोटं हाय."

"नाही साहेब!"

"'विचार करून बोली वाढवली' असं लिवलंयस. त्या तापात? विचार?"

मी खाली बघितलं. "पानं बघितलीच नव्हती, साहेब. झाकलेलीच पुढं सारली."

आणि साहेब हसायला लागले. सुरुवातीला खांदे, मग पोट, मग खुर्ची. ठसका लागला, मी पाठ थोपटली. "पानं... न बघता... वाघावर..." त्यांनी पेन काढून ते वाक्य दुरुस्त केलं आणि खाली बारीक अक्षरात "तपासले" असं लिहिलं. मग उठून खोक्यातून आपली ती जाड वही काढली, मधलं पान उघडलं आणि माझ्यापुढं धरली.

"दत्तोबा, हा माझा हात हाय. आठ महिने झालं. दश्शीची जोडी, शेवटची जागा, सगळं हाताशी हुतं. आनि म्या एकदम सगळंच सारलं. का सारलं, कळंना. तू बघ."

मी! त्यांचा हात मी बघायचा! वही मांडीवर घेतली आणि पत्ते नाही बघितले. पत्ते त्यांनी आठ महिने बघितले होते. मी वेळा बघितल्या. त्याच पानावर आधीचे हात, नंतरचे हात. प्रत्येक बोलीपुढं वीस सेकंद, पंचवीस, अठरा. या एका बोलीपुढं दोन. आणि वर तारीख होती भोगीची.

भोगीच्या दुसऱ्या दिवशी मी इथं तिळगूळ खायला आलो होतो. काकूंनी तो डाव्या हातानं दिला होता, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता.

"काकू," मी हाक मारली, "तुम्ही पडलात ते भोगीला ना? कधी, सकाळी?"

"सकाळीच की! मोरीत," आतून आवाज आला. "एकदाच ओरडले मी, तर हे समोर उभे. मला वाटलं दाराआडच होते का काय."

साहेबांनी वही माझ्याकडून घेतली. ती हाक ऐकून सगळं पुढं सारून धावले होते, ते दोन सेकंद बोटानं पुन्हा पुन्हा बघितले. मग माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "घाई केली म्या. चुकलं."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. काकू दारात, हातात अर्धी गुंडाळलेली कढई. "काय म्हणाले हे? दत्ता, काय म्हणाले?"

"चुकलं म्हणाले, काकू."

"अगं बाई! एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मी आत होते! परत म्हणायला लाव त्यांना."

"एकदाच अनाउन्समेंट हुती," साहेब म्हणाले आणि पेन माझ्यापुढं केलं. "कर सही. हात तू तपासलास."

मी सही केली. आडनाव लिहिलं, नवीन मिळालेल्या कान्यासकट. शाई वाळायच्या आत काकूंनी कढई माझ्या हातात कोंबली, साहेबांच्या हातातून वही काढून घेतली आणि ते पान दोनदा वाचलं. पोकरचं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मग त्यांनी आपली साड्यांची ट्रंक उघडली, हिरव्या शालूची घडी उचलली आणि वही खाली ठेवली.

"अगं, ती माझी अभ्यासाची हाय," साहेब म्हणाले.

"आता माझी आहे," काकू म्हणाल्या आणि कडी लावली.